बालीला जाताना ‘आमच्याकडेही असेच’ घरी ठेवून जावे

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दसरा झाला की एका विशिष्ट प्रकारचे पाहुणे येऊ लागतात. सहल कंपनीने पाठवलेला सहा दिवसांचा कार्यक्रम मोबाइलवर उघडलेला असतो, चहा येईपर्यंत तो मला वाचून दाखवला जातो आणि शेवटी ठरलेला प्रश्न येतो : ‘तुम्ही इतकी वर्षे तिथे होता, तर यात काय राहिले ते सांगा.’ कापडाच्या निर्यातीच्या एका कचेरीत नमुने तपासण्याच्या कामासाठी मी वडोदऱ्याहून बालीच्या राजधानीत, देनपसारला गेले ती दोन वर्षांच्या बोलीवर, आणि राहिले सहा वर्षे. त्यामुळे सांगण्याचा थोडाफार अधिकार मला आहे. परंतु बहुधा राहिलेले काहीच नसते, उलट सहा दिवसांत अकरा मंदिरे, तीन धबधबे आणि छायाचित्रासाठीचा एक झोपाळा कोंबलेला असतो. म्हणून अलीकडे मी कार्यक्रमाला हात लावत नाही. सामानातून एक वस्तू तेवढी काढून ठेवायला सांगते, ती म्हणजे ‘आमच्याकडेही असेच असते’ हे वाक्य.

हे वाक्य तिथे पावलोपावली ओठांवर येते, कारण सुमारे 43 लाख वस्तीच्या या बेटावरचे बहुसंख्य लोक हिंदू आहेत, चौकाचौकांत रामायण-महाभारतातली माणसे दगडात उभी आहेत आणि एखादे भाषणही ‘ओम् स्वस्त्यस्तु’ म्हणून सुरू होते. आपला माणूस सुखावतो. मग दोन दिवसांनी त्याला कळते की मंदिरात मूर्ती दिसत नाही, नैवेद्यात डुकराचे मांस चालते आणि कोंबड्यांची झुंज हा विधीचा भाग असू शकतो. तेव्हा तोच माणूस ‘हे काही खरे नव्हे’ म्हणून मोकळा होतो. दोन्ही वेळा मोजपट्टी आपलीच असते. ती खाली ठेवली, तर बाली किती वेगळी आणि किती पूर्ण आहे, हे चार दिवसांतही बऱ्यापैकी उमगते. ती कशी खाली ठेवावी, याविषयी पुढे लिहिले आहे.

तारीख ठरवण्याआधी

विमानाचे तिकीट स्वस्त केव्हा मिळते, एवढ्यावर तारीख ठरवू नये. बालीत एकाच वेळी दोन पंचांगे चालतात. पहिले शक संवत्सराचे, म्हणजे आपण गुढीपाडव्याला बदलतो त्याच शकाचे. तिथला नववर्षदिन म्हणजे न्येपी. अधिक मास धरण्याची त्यांची पद्धत वेगळी असल्यामुळे कधी पाडवा आणि न्येपी एकाच दिवशी येतात, तर कधी त्यांत महिन्याचे अंतर पडते. 2023 साली दोन्ही सण 22 मार्चला होते. 2024 साली न्येपी 11 मार्चला झाली आणि पाडवा 9 एप्रिलला. 2026 साली पुन्हा दोन्ही 19 मार्चला, शके 1948 च्या आरंभी.

शक एकच असला तरी दिवस मात्र अगदी उलट्या रीतीने पाळला जातो. आपण त्या दिवशी दारात गुढी उभारतो, नवे कपडे घालतो, श्रीखंड आणतो. तिथे सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत अग्नी नाही, दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ चोवीस तास बंद असतो, 2018 पासून मोबाइलचे इंटरनेटही बंद ठेवतात, आणि काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र कमरेला गुंडाळलेले गावचे पेचालांग, म्हणजे पारंपरिक रखवालदार, रस्त्यावर कुणी फिरकत नाही ना हे पाहत असतात. परदेशी पाहुण्यांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह नावाचे अक्राळविक्राळ पुतळे तरुण पोरे खांद्यावर घेऊन नाचवतात आणि बहुतेक ठिकाणी नंतर जाळतात. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने केवळ अज्ञानाने नेमक्या न्येपीच्या दिवशीची परतीची तिकिटे मागितली होती आणि त्यांच्या सहल कंपनीलाही हे ठाऊक नव्हते. ज्यांना शक्य आहे त्यांनी मात्र मुद्दाम न्येपी धरूनच जावे. सहा वर्षांत मी सहा न्येपी पाळल्या. रात्री आठ वाजता अंगणात बसून बेटभर एकही दिवा नसताना दिसलेले आकाश पुन्हा पाहण्यासाठी मी बाकीची सगळी बाली सोडून देईन.

दुसरे पंचांग पावुकोन नावाचे, 210 दिवसांचे. त्यात सात-सात दिवसांचे तीस आठवडे असतात आणि प्रत्येक आठवड्याला स्वतंत्र नाव असते. त्याचा चंद्राशी किंवा सूर्याशी संबंध नसल्यामुळे त्यातले सण दर वर्षी वेगळ्या ऋतूत येतात. वारांची नावे मात्र आपल्याला ऐकताक्षणी ओळखू येतील : रेदिते म्हणजे आदित्यवार, मग सोम, अंगारा, बुद, व्रस्पति, सुक्र आणि सनिस्चर. अंगारकी चतुर्थी मंगळवारीच का, हे ज्याला माहीत आहे त्याला ‘अंगारा’ शिकवावा लागत नाही. याच्या बरोबरीने पाच दिवसांचा बाजाराचा आठवडाही चालतो, आणि सणाचा दिवस या दोन चक्रांच्या जुळणीवरून ठरतो.

पितर घरी येतात तो गालुंगान हा याच पंचांगातला बुधवार. दहा दिवसांनी शनिवारी कुनिंगान येते आणि पितर परत जातात. या दहा दिवसांत प्रत्येक घरापुढे पेंजोर, म्हणजे भाताच्या लोंब्या, नारळाची कोवळी पाने आणि फळे बांधलेला, टोक वाकलेला उंच बांबू उभा असतो. 2026 साली गालुंगान 17 जूनला आहे आणि त्या वर्षी तो एकदाच येतो, कारण पुढचा 210 दिवसांनी, जानेवारीत पडतो. याच पंचांगातला सरस्वतीचा दिवस 2026 साली 4 एप्रिलला येतो. आपण दसऱ्याला पाटीवर आकड्यांची सरस्वती काढतो आणि तिची पूजा करतो. तिथे पोथ्यांची पूजा होते आणि पूजा आटोपेपर्यंत तरी कुणी वाचत किंवा लिहीत नाही. शाळेची मुले त्या दिवशी विशेष आनंदात का असतात, हे मला पहिल्या वर्षी समजले नव्हते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात : भारतीय पारपत्रावर तिथे पोहोचल्यावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो, त्याचे शुल्क पाच लाख इंडोनेशियन रुपिया आहे आणि तो एकदा वाढवता येतो. फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाकडून दीड लाख रुपियांचा वेगळा करही घेतला जातो. आकडे ऐकून घाबरू नये, तिथे साधा चहाही हजारांत असतो. निघण्यापूर्वी दोन्ही रकमा ताज्या तपासून घ्याव्यात.

मंदिराच्या दारात

आधी शब्दांचा घोळ मिटवावा. बालीत ‘पुरा’ म्हणजे मंदिर आणि ‘पुरी’ म्हणजे राजवाडा. माझी मावशी आली होती तेव्हा ‘उद्या पुरी पाहायला जाऊ’ हे ऐकून ती डबा न घेता निघाली, यावरून आमच्या घरात अजून हसतात.

मंदिरात जाताना कमरेला सारोंग, म्हणजे लुंगीसारखे गुंडाळायचे वस्त्र, आणि त्यावर सेलेंदांग, म्हणजे कमरपट्ट्यासारखा बांधायचा लांब दुपट्टा, दोन्ही आवश्यक आहेत; पुरुषांनाही. मोठ्या मंदिरांच्या दारात ही वस्त्रे वापरायला मिळतात, पण बाजारातून स्वतःची एक जोडी घ्यावी, कारण सहा दिवसांत ती दहा वेळा लागते. आपल्या बायकांना वाटते की साडी किंवा पूर्ण अंगभर सलवार-कमीज असताना याची गरज काय. गरज आहे ती त्या पट्ट्याची. शरीराचा खालचा भाग आणि वरचा भाग यांच्यामध्ये ती गाठ असते आणि ती बांधल्याखेरीज मनुष्य मंदिरात शिरण्याजोगा होत नाही, अशी तिथली समजूत आहे. अंग झाकणे हा त्यातला दुय्यम भाग आहे.

दारावर एक पाटी असते. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी आणि घरात नुकताच मृत्यू झालेल्यांनी आत येऊ नये, असे तिच्यावर लिहिलेले असते. सोयर-सुतक पाळणाऱ्या घरातून आलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. ज्यांनी ते सोडून दिले आहे त्यांना राग येतो. मलाही येत असे. ते पटण्या-न पटण्याचा अधिकार आपल्याला जरूर आहे, पण तो दुसऱ्याच्या देवळाच्या दारात बजावायचा नसतो. मी अशा दिवशी बाहेरच्या ओसरीवर बसून कापडे पाहत असे, आणि कापडांविषयी मी जे शिकले त्यातले बरेचसे तिथेच शिकले.

आत गेल्यावर गर्भगृह शोधू नये. पुरा म्हणजे आकाशाखाली उघडी असलेली, एकापुढे एक अशी बहुधा तीन अंगणे. दुभंगलेल्या शिखरासारख्या दारातून आपण पहिल्यात जातो. सर्वांत आतल्या अंगणात ताडाच्या काळ्या तंतूंनी शाकारलेली, एकावर एक छपरे चढवलेली मेरू नावाची देवळे असतात. छपरांची संख्या बहुधा विषम असते आणि जास्तीत जास्त अकरा. याच अंगणात अनेक ठिकाणी दगडाचे एक उंच आसन दिसते, खाली कासव आणि त्याला वेढणारे नाग, वर रिकामी बैठक. ते पद्मासन. सांग ह्यांग विधी, म्हणजे परमेश्वर, त्याची ती जागा आहे आणि ती रिकामी असणे हेच तिचे रूप आहे. आपली नजर दर्शनाला सरावलेली असल्यामुळे आपण त्या रिकाम्या जागेपुढे उभे राहून ‘देव कुठे आहे?’ असे विचारतो. बाकीचे देव तिथे कायमचे राहतात असेही नाही. ओडालान म्हणजे मंदिराचा वाढदिवस, तो बहुतेक ठिकाणी दर 210 दिवसांनी येतो. त्या वेळी देव खाली उतरतात, पाहुणचार घेतात आणि परत जातात. एरवी मंदिर बरेचसे निवांत असते. म्हणून प्रसिद्ध मंदिरांची रांग लावण्यापेक्षा ज्या गावात ओडालान चालू असेल तिथे जावे. राहत्या जागेच्या मालकाला रोज सकाळी विचारले तर जवळपास कुठेतरी ते असतेच.

तिथे कुणी प्रार्थनेला बसायला सांगितले तर बसावे. न सांगता पुढे घुसू नये, प्रार्थना करणाऱ्यांच्या समोर उभे राहू नये आणि पुजाऱ्यापेक्षा उंच जागी बसू नये. पुरुष मांडी घालून बसतात, स्त्रिया गुडघे दुमडून. हात पाच वेळा जोडायचे असतात : पहिल्यांदा रिकामे, मग बोटांच्या टोकांत फूल धरून सूर्यासाठी, पुढे दोनदा फुलांसह आणि पाचव्यांदा पुन्हा रिकामे. त्यानंतर पेमांकू, म्हणजे गावचा पुजारी, तीर्थ घेऊन येतो. आपण इथे जरा थांबावे, कारण आपला हात सवयीने लगेच पुढे जातो आणि उरलेले पाणी डोक्यावरून फिरवून आपण मोकळे होतो. तिथे आधी अंगावर शिंपडतात, मग उजवा तळवा डाव्यावर ठेवून तीन वेळा प्यायचे आणि तीन वेळा चेहऱ्यावर फिरवायचे असते. शेवटी भिजवलेले तांदूळ मिळतात; ते कपाळावर आणि गळ्याशी चिकटवतात, दोन-चार दाणे गिळतात. ते इतके ओले असतात की संध्याकाळपर्यंत कपाळावरून पडत नाहीत, आणि बँकेत, दुकानात, कचेरीत लोक ते तसेच घेऊन वावरतात. तिथला धर्म हा पाण्याचा धर्म आहे असे तिथले लोक स्वतःच म्हणतात, त्याला आगामा तीर्ता असे नावही आहे.

पायाशी ठेवलेली टोपली

माझी पहिली चूक पहिल्याच आठवड्यात झाली. ज्यांच्या आवारात मी खोली घेतली होती त्या बाईंना मी सगळ्यांसारखेच ‘इबू’, म्हणजे आई, म्हणत असे. एका सकाळी दाराबाहेर पडताना पायरीजवळ जमिनीवर नारळाच्या कोवळ्या पानाची तळहाताएवढी चौकोनी टोपली दिसली, तिच्यात फुले आणि वर धुमसणारी उदबत्ती. देवाची फुले पायदळी येऊ नयेत हे आपल्या हाडीमासी खिळलेले असल्याने मी ती उचलली आणि कट्ट्यावर, उंच जागी, जपून ठेवली. स्वतःवर खूष होऊन मी कामावर गेले. संध्याकाळी इबूने हसत-हसत विचारले की, खालच्यांचे जेवण वर कुणी नेले?

तिने जे समजावले ते प्रत्येक प्रवाशाने जाताना लक्षात ठेवण्याजोगे आहे. वर ठेवलेले देवांसाठी आणि पितरांसाठी असते. जमिनीवर ठेवलेले भूतकाळासाठी. भूतकाळ म्हणजे तिथे गेलेला काळ नव्हे, तर भुते आणि काळ, खालच्या, त्रास देऊ शकणाऱ्या शक्ती. त्यांना हाकलून द्यायचे नसते, त्यांचे वेळच्या वेळी द्यायचे असते. म्हणून रस्त्यावर, दुकानाच्या उंबऱ्याशी, मोटारीजवळ जी टोपली दिसते ती तिथेच असायला हवी. ती ओलांडू नये, बाजूने जावे. निदान उदबत्ती जळत असेपर्यंत तरी नक्कीच. उचलून शुद्ध करण्याचा उपद्व्याप करू नये.

त्या टोपलीचे नाव चनांग सारी. ती बनवताना पाहायची असेल तर बाजारातल्या ‘कार्यशाळेला’ पैसे भरण्याची गरज नाही. कोणत्याही घराच्या ओसरीवर दुपारी बायका पाने कातरत बसलेल्या असतात आणि शेजारी बसलेले त्यांना आवडते. तळाशी विडा असतो, म्हणजे पान, सुपारी आणि चुना यांची इवलीशी पुडी. ती नसेल तर चनांग पुरा होत नाही. वर फुले, आणि ती कशीही टाकत नाहीत. पूर्वेला पांढरे, ते ईश्वराचे. दक्षिणेला तांबडे, ब्रह्म्याचे. पश्चिमेला पिवळे, महादेवाचे. उत्तरेला विष्णूचे काळे, आणि काळे फूल मिळत नसल्याने निळे किंवा हिरवे. इबूची बोटे न पाहता हे करीत. मी सहा वर्षांत वेगाने शिकले ते पान कातरणे. फुले ठेवताना मला शेवटपर्यंत दिशा आठवून पाहावी लागे.

दिशांविषयी आणखी एक. बालीत व्यवहाराची दिशा उत्तर-दक्षिण नसते, डोंगराकडची आणि समुद्राकडची असते. त्यांना काजा आणि केलोद म्हणतात. डोंगर म्हणजे गुनुंग आगुंग, तीन हजार मीटरांहून उंच ज्वालामुखी, ज्याच्या उतारावर बसाकीह हे बेटाचे मुख्य मंदिर आहे. घरातले देऊळ डोंगर आणि सूर्योदय यांच्या कोपऱ्यात असते, आणि झोपताना पाय डोंगराकडे करू नयेत. तिथल्या घरात उतरणार असाल तर पलंग कसा लावला आहे ते पाहा आणि उशी फिरवू नका.

रोज सकाळी भात शिजला की घरातल्या कुणी जेवण्याआधी त्याचे चिमूट-चिमूट घास केळीच्या पानाच्या तुकड्यांवर घालून चुलीपाशी, पाण्यापाशी, देवळापाशी ठेवले जातात. माझ्या आजोबांच्या ताटाभोवतीच्या चित्राहुती मला लगेच आठवल्या. आठवण येणे थांबवता येत नाही, थांबवूही नये. ती तोंडाने लगेच बोलून दाखवू नये, एवढेच. बोलून दाखवली की समोरचा माणूस सौजन्याने मान डोलावतो आणि पुढचे सांगायचे थांबतो. हे मी पुनःपुन्हा अनुभवले आहे.

इबू मात्र असे कधी करीत नसे. परत आल्यावर वटपौर्णिमेला, ज्या झाडावरून आमच्या गावाला वडोदरा म्हणतात त्या वडाला सूत गुंडाळणाऱ्या बायका मी तिला फोनवर दाखवल्या. बालीतही वड पूज्य आहे, त्याच्या बुंध्याला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे पोलेंग वस्त्र नेसवतात, तेव्हा ती ‘आमच्यासारखेच’ म्हणेल असे मला वाटले होते. तिने बराच वेळ पाहून विचारले, ‘तो धागा झाडाचा की बाईचा?’ मी थोडा विचार करून ‘बाईचा’ म्हणाले. तिच्याकडचे वस्त्र झाडाचे होते.

पाण्यापाशी

तांपाकसिरिंगचे तिर्ता एम्पुल हे स्थान सगळ्यांच्याच कार्यक्रमात असते. तिथल्या कुंडाची परंपरा इ. स. 962 पर्यंत, म्हणजे शके 884 पर्यंत मागे नेली जाते. झऱ्याचे पाणी तळातून वाळू उसळवत वर येते आणि दगडी मुखांमधून कुंडात पडते. त्या मुखांखाली एकामागून एक डोके धरण्याच्या विधीला मेलुकात म्हणतात. जायचे तर उजाडता-उजाडता जावे. दहानंतर तिथे निरनिराळ्या कंपन्यांचे गट येतात आणि पाण्यात उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांच्या मागे खरोखरीच नवस फेडायला आलेले कुटुंब थंडीने कुडकुडत थांबलेले मी पाहिले आहे. आधी चनांग अर्पण करून हात जोडावेत, त्यांनी दिलेले ओलेत्याचे सारोंग नेसावे, डावीकडून सुरुवात करावी आणि पुढच्या माणसाचे पाहून करावे. मृतांच्या विधीसाठी राखलेली दोन मुखे सोडून द्यायची असतात. कोणती ते तिथल्या माणसाला विचारून घ्यावे, अंदाज करू नये.

उबुदमध्ये परदेशी मंडळींनी चालवलेली ‘मेलुकात शिबिरे’ही आहेत, ज्यांत पाण्याआधी श्वासाचे व्यायाम आणि नंतर फळांचा रस असतो. त्यांविषयी मी इतकेच म्हणेन की तिथे गावातले कुणी विधीसाठी आलेले मला दिसले नाही.

तिर्ता एम्पुलजवळच गुनुंग कावी आहे, जिथे नदीच्या घळीत खडकात कोरलेली अकराव्या शतकातली दहा उंच स्मारके आहेत. पायऱ्या पुष्कळ आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळीच उतरावे. उतरताना दोन्ही बाजूंना भातखाचरे लागतात, तिथे एखाद्या पाटाशी दहा मिनिटे थांबावे, कारण बालीचा धर्म पाहण्याची याहून चांगली जागा मला तरी सापडली नाही. पाणी ज्या फाट्यावर दुभागते तिथे लहानसे देऊळ असते. एका पाटावर अवलंबून असणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांचा मिळून एक सुबाक बनतो, आणि कोणी केव्हा पेरायचे, केव्हा खाचरे कोरडी ठेवायची हे त्या देवळांच्या विधींच्या क्रमाने ठरते. 1970 नंतरच्या दशकात नव्या वाणांबरोबर सतत पीक घेण्याचा सरकारी आग्रह आला, खाचरे एकदम कोरडी पडेनाशी झाली आणि किडींचा उपद्रव वाढला; पुढे जुनी वेळापत्रके पुन्हा मानली गेली. युनेस्कोने 2012 साली या व्यवस्थेला जागतिक वारशात स्थान दिले. जातिलुविहची खाचरे त्यातच येतात. बांधावरून चालताना खाचरात उतरू नये आणि ज्याच्या शेतातून गेलो त्याने पेटी ठेवली असेल तर तीत निमूटपणे पैसे घालावेत.

नाच पाहताना

उलुवातूच्या कड्यावर सूर्यास्ताला केचाक पाहायला सगळेच जातात आणि जावेच. मधोमध दिवा, भोवती पन्नास-साठ उघडे पुरुष, ‘चाक-चाक’ असा एकच गजर आणि त्यात सीतेचे हरण. वडोदऱ्याचा माणूस असेल तर त्याला गरबा दिसतो. माझी तीच मावशी मोठ्याने म्हणाली होती, ‘हा तर पुरुषांचाच गरबा की ग!’ वास्तविक आज दिसणारा केचाक 1930च्या दशकातला आहे. अंगात येण्याच्या सांग्ह्यांग विधीतला पुरुषांचा गजर घेऊन त्यावर रामायणाची कथा बसवण्यात वायान लिम्बाक हा बाली नर्तक आणि तिथे स्थायिक झालेला वाल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार यांचा मोठा वाटा होता. ‘हजारो वर्षांची परंपरा’ असे सांगणाऱ्या मार्गदर्शकाला खोडून काढू नये, मनाशी जाणून असावे. बाली लोक स्वतः नाचांचे तीन थर मानतात : मंदिराच्या आतल्या अंगणातला, मधल्या अंगणातला आणि केवळ पाहणाऱ्यांसाठीचा. तिकीट काढून दिसतो तो तिसरा.

रामायणाविषयी एक गोष्ट मी वडोदऱ्याच्या लोकांना मुद्दाम सांगते. वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती आपल्या प्राच्यविद्या मंदिर या संशोधनसंस्थेने सिद्ध केली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. त्यामुळे बालीतल्या कथेत कुठे फरक दिसला की आपण ‘त्यांनी बदलले’ असे म्हणतो. परंतु बालीत वाचले जाणारे जुने जावी काव्यरामायण मुख्यतः भट्टिकाव्य या संस्कृत रामकथाकाव्यावर आधारलेले आहे, आणि भट्टीने ते काव्य वलभीत, म्हणजे सौराष्ट्रात लिहिले असे स्वतःच नोंदवले आहे. तेव्हा चुका काढण्याआधी आपल्याच शेजारच्या कवीला विचारावे लागेल.

अंत्ययात्रा दिसली, बैलाच्या आकाराची पेटी आणि मजल्यांचा मनोरा खांद्यावर घेऊन धावणारी माणसे दिसली, तर कडेला उभे राहून पाहण्यास हरकत नसते. कुणी रडत नाही याचे आश्चर्य दाखवू नये आणि चितेच्या पुढ्यात मोबाइल धरू नये.

खाणे

शाकाहाऱ्यांची अडचण मांसापेक्षा तेरासीची असते. ती कोळंबीची आंबवलेली चटणी असते आणि भाजीत, शेंगदाण्याच्या रस्स्यात, सांबाल या मिरचीच्या चटणीत न दिसता मिसळलेली असते. ‘तान्पा तेरासी’, म्हणजे तेरासीशिवाय, हे दोन शब्द पाठ करावेत. तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तोफू आणि भात यांवर सहा दिवस आनंदात जातात. यजमानांच्या घरी देवापुढून उतरवलेले अन्न मिळाले आणि ते खाण्यासारखे नसेल, तर दोन्ही हातांनी घेऊन फळ तेवढे खावे आणि ‘सुक्स्मा’ म्हणावे. आभाराचा तो शब्द आपला ‘सूक्ष्म’ आहे.

शेवटचा दिवस तेंगानानसाठी

खरेदीचा दिवस कुताच्या दुकानांत घालवू नये. पूर्वेकडे करंगासेममध्ये तेंगानान नावाचे जुने गाव आहे, जिथले लोक इतर बालीपेक्षा वेगळी परंपरा पाळतात आणि इंद्राला सर्वश्रेष्ठ मानतात. तिथे गेरिंगसिंग हे सुती कापड विणले जाते. ‘गेरिंग’ म्हणजे आजार आणि ‘सिंग’ म्हणजे नाही. हे वस्त्र अंगावर असले की बाधा होत नाही अशी श्रद्धा आहे. ताणा आणि बाणा, दोन्हींचे सूत विणण्याआधीच गाठी बांधून रंगवायचे आणि मग मागावर नक्षी जुळवत न्यायची, ही विद्या जगात फार थोड्या ठिकाणी टिकली, आणि त्यांतले दुसरे ठिकाण आपल्या गुजरातेतले पाटण आहे. पाटणचे रेशमी पटोळे शतकानुशतके जहाजांतून या बेटांवर जात होते आणि तिथले राजे ते जपून ठेवीत.

तिथे बसल्यावर कापड प्रकाशात धरून उलटसुलट पाहावे. दोन्ही बाजू सारख्या असतील, नक्षीच्या कडा किंचित पुसट असतील, लाल आणि काळसर निळ्या रंगांत चमक नसेल, तर ते हाताचे. छापील नक्कल एका बाजूने फिकी असते. एका कापडाला कित्येक वर्षे लागू शकतात, म्हणून मंगळ बाजारातली घासाघीस तिथे करू नये. परवडत नसेल तर अरुंद पट्टी घ्यावी किंवा नुसते पाहून आभार मानावेत. विणणारीला कामाविषयी विचारावे, ती हात न थांबवता उत्तर देते.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा व्यवसायाच्या भरात तिला सगळे विचारून घेतले. मग तिने मला विचारले, गुजरातेत गाठी कोण बांधते, बायका की पुरुष? कापडाच्या धंद्यात वीस वर्षे काढलेली मी पाटणला कधी गेलेच नव्हते. पुढच्या सुटीत घरी आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी पहाटे पाटणची गाडी पकडली.